मर्विनच्या गाडीखाली

मर्विन इलियट गुडघे टेकून आपल्या गाडीखाली वाकून पाहतोय, हे डिम्पनाने जानेवारीतल्या एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. आधी तिला वाटलं, तेल गळत असेल, नाहीतर मांजर शिरलं असेल. पण मर्विन उठला, विजारीचा चिखल झटकला, रस्त्याकडे दोन्ही बाजूंना नजर टाकली आणि मग दार उघडून आत बसला. किल्ली फिरवताना त्याने डोळे मिटले की नाही, हे ओढ्याच्या अलीकडून दिसणं शक्य नव्हतं. पण मिटलेच असणार, असं तिने मला नंतर सांगितलं. त्या सकाळी तिचा चहा तसाच गार झाला.

या दोघांच्या घरांमध्ये फक्त तो ओढा. ओढ्याच्या मधोमध सरहद्द. डिम्पना दक्षिणेला, आयर्लंडच्या प्रजासत्ताकात. मर्विन उत्तरेला, ब्रिटनच्या राज्यात. ती कॅथलिक, तो प्रोटेस्टंट. मी लग्न होऊन या गावात आले आणि अलीकडच्या बाजूला दुकान चालवते, त्यामुळे दोन्हीकडची माणसं माझ्याकडे येतात. नवख्या माणसाला दाखवल्याशिवाय सरहद्द दिसत नाही. रस्त्यावरच्या पट्ट्यांचा रंग बदलतो, बस.

पण डिम्पना आणि मर्विन तरुण होते तेव्हा असं नव्हतं. मर्विन दिवसा गाई सांभाळायचा आणि आठवड्यातल्या काही रात्री ब्रिटिश सैन्याच्या स्थानिक तुकडीत पहारा द्यायचा. आयर्लंड एक व्हावं म्हणून ब्रिटनशी लढणारे बंडखोर रात्रीतून बॉम्ब लावून जात, म्हणून त्या तुकडीतला प्रत्येक माणूस रोज सकाळी आपल्या गाडीखाली बघायचा. मर्विनचा भाऊ डेरिक एकदा घाईत होता. गाय अडली होती आणि त्याला जनावरांच्या डॉक्टरला आणायचं होतं. तो न बघताच बसला. त्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा घरच्यांना परत मिळाले नाहीत. कोणी पकडलं गेलं नाही. पण अलीकडच्या बाजूला कुजबुज होती की त्या रात्री रस्त्यावर नजर ठेवायला डिम्पनाचा भाऊ फेलिम उभा होता. डिम्पनाने फेलिमला कधी विचारलं नाही. मर्विननेही नाही. मग फेलिम हृदयविकाराने गेला आणि विचारायला कोणी उरलंच नाही.

ओढ्यावरचा छोटा पूल तेव्हा ब्रिटिश सैन्यानेच, बंडखोरांची ये-जा थांबवायला, सुरुंग लावून उडवला होता. हाकेच्या अंतरावरच्या या दोन घरांना एकमेकांकडे जायचं तर अर्धा तालुका फिरून जावं लागे. शांततेचा करार व्हायच्या सुमारास गावकऱ्यांनी तो खड्डा भरून पूल पुन्हा बांधला. तेव्हा पलीकडून पहिला ट्रॅक्टर दगड घेऊन आला तो मर्विनचा. डिम्पनाने त्याला चहा दिला. तेव्हापासून दर रविवारी तो तिच्याकडे चहाला यायचा. दोघांचेही जोडीदार गेले, तरी त्या चहात खंड पडला नाही.

आणि आता लंडनमधल्या लोकांना काही सुचेनासं झालं होतं. युरोपच्या व्यापारी संघातून बाहेर पडायचं, असं ब्रिटनने मत देऊन ठरवलं त्याला अडीच वर्षं झाली होती. बाहेर कसं पडायचं, यावर तिथल्या संसदेचं एकमत होईना. सरकारने आणलेला करार जानेवारीत सभागृहाने धुडकावला. करार न करता बाहेर पडायचं म्हटलं तर तेही नको. पुन्हा लोकांना विचारायचं म्हटलं तर त्यालाही बहुमत नाही. मार्चअखेरची मुदत जवळ येत होती आणि टीव्हीवर माणसं नुसती ओरडत होती. आम्हाला त्यातलं एवढंच कळत होतं की गाडं असंच अडलं, तर आमच्या ओढ्यावर पुन्हा जकात नाका येईल. नाका आला की तो राखायला पोलीस, पोलिसांना राखायला सैन्य, आणि सैन्य आलं की त्याच्यावर बंदुका रोखणारे. हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. इथल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं.

पुढच्या दोन सकाळीही मर्विन गाडीखाली वाकलेला दिसला, तेव्हा डिम्पना ताजा पाव फडक्यात गुंडाळून पूल ओलांडून गेली. गाडीला काय झालंय, तिने विचारलं.

"सायलेन्सर सैल झालाय," मर्विन म्हणाला.

"रोज सकाळी नव्याने सैल होतो वाटतं?"

तो हसला नाही. पाव कापायला घेतला. मग म्हणाला, "मी ठरवून नाही केलं, डिम्पना. परवा किल्ली घेऊन बाहेर आलो आणि बघतो तर मी चिखलात गुडघ्यावर. डोक्याला विचारलंच नाही. पायांनीच ठरवलं."

"कोणी काही बोललं का तुला?"

"कोण बोलणार? कोणी काही बोलत नाही, त्याचीच भीती वाटते."

त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. खाली वाकला की उठताना गाडीच्या दाराला धरून लोंबकळायचा. ते बघून डिम्पना म्हणाली की उद्यापासून मी बघत जाईन, नाहीतरी सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले की मला काही काम नसतं. मर्विनने आधी उडवून लावलं. बायकांचं काम नाही म्हणाला. मग, तुला काय दिसायला हवं ते तरी माहीत आहे का, असं विचारलं.

"जे काल नव्हतं ते," ती म्हणाली.

आणि खरंच, ती रोज जायला लागली. एक जुनं पोतं काखेत घेऊन पूल ओलांडायची, पोतं गाडीशेजारी अंथरायची, त्यावर गुडघे टेकून खाली नजर टाकायची आणि उठून म्हणायची, "जा रे बाबा, चर्चला जा नाहीतर जहन्नमला जा, रस्ता मोकळा आहे." मर्विन म्हणायचा, तुझ्या धर्मात दोन्ही एकच ना माझ्यासाठी. असा विनोद चालायचा. पण ती मला दुकानात एकदा म्हणाली की खाली काही नाही असं दिसलं तरी तो परत येईपर्यंत मी खिडकीपाशीच असते.

फेब्रुवारीत मर्विनच्या टेकाडावरच्या शेतात दोन अनोळखी माणसं तिपाई लावून मोजमाप करताना दिसली. दुसऱ्या दिवशी गावभर झालं की म्हातारा सरकारच्या कॅमेऱ्याच्या मनोऱ्याला जागा देतोय. सरहद्दीवरची प्रत्येक गाडी त्यात दिसणार. डिम्पनाने त्याला सरळ विचारलं. तो म्हणाला की मोबाइल फोनवाले आले होते, त्यांना खांब उभारायचाय, आणि मी अजून हो म्हटलेलं नाही. तिने हे सगळ्यांना सांगितलं. कोणी मानलं नाही. लंडनमध्ये बसलेल्यांनाच उद्या काय होणार ते माहीत नाही, तर या म्हाताऱ्याला खरं कोण सांगतंय, असं लोक म्हणायचे. खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जो जे बोलेल ते खरं वाटत होतं.

सगळ्यात जास्त बोलायचा तो यूनन, फेलिमचा मुलगा, डिम्पनाचा भाचा. पस्तिशीचा, दोन लहान मुलींचा बाप. दूध गोळा करणारा टँकर चालवायचा. उत्तरेकडच्या गोठ्यांतून दूध घ्यायचं आणि दक्षिणेकडच्या डेअरीत आणायचं. दिवसातून कितीदा तो पूल ओलांडायचा याची गणती नाही. नाका आला तर टँकर तासन् तास उभा राहणार, दूध नासणार, आणि डेअरी पलीकडचं दूध घेणंच बंद करणार. मग याच्या हाताला काम कसलं? झोप उडाली होती त्याची. लाल डोळे घेऊन दुकानात यायचा, सिगारेटचं पाकीट घ्यायचा आणि दाराशी उभा राहून मर्विनच्या टेकाडाकडे बघायचा. एकदा म्हणाला, त्या म्हाताऱ्याला कोणीतरी नीट समजावलं पाहिजे. दुकानातल्या दोघा-तिघांनी आपापल्या पिशव्या उचलल्या. आमच्याकडे समजावणं म्हणजे काय असतं, हे जुन्या लोकांना माहीत आहे.

मार्चच्या मध्यात संसदेने तो करार दुसऱ्यांदा धुडकावला. त्याच्या दुसऱ्या सकाळी डिम्पना पोतं घेऊन गेली. रात्रभर पाऊस झाला होता, अंगणात पाणी साचलं होतं. मर्विन दाराशी किल्ली हातात घेऊन उभा होता आणि काल रात्री टीव्हीवर काय गोंधळ झाला ते सांगत होता. ती खाली वाकली.

चालकाच्या बाजूच्या चाकामागे, पत्र्याला चिकटपट्टीने चिकटवलेला, बिस्किटांचा डबा होता. त्यातून एक लाल वायर बाहेर आली होती.

ती म्हणते, मी किंचाळायला हवं होतं. मर्विनचं बोलणं वरून ऐकू येत होतं, कुणा खासदाराच्या टायबद्दल काहीतरी. डब्यावर मेंढ्यांचं चित्र होतं आणि ती मेंढ्यांकडेच बघत राहिली. हललं तर उडेल, असं तिने लहानपणापासून ऐकलेलं. श्वास घेतल्यानेही उडेल असं तिला वाटलं. मग ती इंचाइंचाने मागे सरकली. पोतं तिथेच राहू दिलं. उभी राहिली.

"मर्विन," ती म्हणाली, "किल्ली खिशात ठेव."

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि किल्ली खिशात टाकली. तिने त्याचा दंड धरला आणि दोघं अंगण ओलांडून, फाटकातून, शेताच्या दगडी बांधामागे गेले. धावता येत नव्हतं. त्याचा गुडघा दगा देत होता. बांधामागे ओल्या गवतात बसल्यावर तिचे दात वाजायला लागले. मर्विनने आपला कोट काढून तिच्या खांद्यावर टाकला. मग तो सपाट आवाजात म्हणाला, "डेरिकच्या वेळी मी गोठ्यात होतो. बाहेर आलो तर कोंबड्या ओरडत होत्या. दुसरं काही ऐकूच येत नव्हतं." डिम्पना त्याचा हात धरून बसली. तिच्या मनात फेलिमचा चेहरा आला. तिने तो बाजूला सारायचा प्रयत्न केला, पण तो जाईना.

तिनेच पोलिसांना फोन लावला. रस्ता बंद झाला. मग हेलिकॉप्टर आलं. तो आवाज आमच्या आभाळात वीस वर्षं नव्हता. दुकानात तेव्हा दोन म्हाताऱ्या होत्या; काही न बोलता दोघी खिडकीपासून दूर सरकल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. मीही गल्ल्यामागे खाली बसले. लाज वाटली, पण उठवेना. सैन्याच्या लोकांनी चाकांवर चालणारं यंत्र पाठवून तो डबा लांबूनच उडवला. त्यात मर्विनची गाडी खालून फाटली, आणि स्वयंपाकघराच्या दोन काचा गेल्या.

दुपारी पोलिसांनी सांगितलं की डब्यात माती होती. माती, वायर, आणि अंडी उकडताना लावतात ते छोटं घड्याळ. बॉम्ब नव्हताच. त्यांना वाटलं, हे ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटेल.

संध्याकाळी डिम्पना घरी चुलीपाशी बसली होती, मर्विनचा कोट अजून अंगावरच. मागचं दार ढकलून यूनन आत आला. चेहरा पांढराफटक. बसला नाही. काय झालं, कशी आहेस, काही विचारलं नाही.

"आत्या," तो म्हणाला, "तू तिथे कशाला गेली होतीस?"

तो प्रश्न कसला आहे हे कळायला तिला वेळ लागला नाही.

"रोज जाते मी," ती म्हणाली. "त्याला वाकता येत नाही म्हणून."

तो मटकन खाली बसला. मग सगळं बाहेर आलं. म्हाताऱ्याने फक्त घाबरावं, मनोऱ्याला नाही म्हणावं, एवढंच मनात होतं. तो बघेल, पळेल, आणि संपलं. पोरींची शपथ, आत्या. डबा घरातलाच होता. तुझं डोकं त्याच्याखाली असेल हे स्वप्नातही नव्हतं. डिम्पनाने विचारलं की हे एकट्याचं काम की आणखी कोणी होतं. तो जमिनीकडे बघत एकटाच म्हणाला. तिला ते पटलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "आधी त्याच्याकडे. मग पोलिसांकडे."

पोलिसांचं नाव ऐकून तो दाराकडे सरकला. मला तुरुंगाची भीती नाही, म्हणाला. पण पोलीस आणखी नावं विचारतील. मी दिली नाहीत तरी लोकांना वाटेल दिली. आमच्याकडे पोलिसांना नावं देणाऱ्याचं काय व्हायचं, कोणत्या शेतात कोणाचं प्रेत सापडायचं, हे लहान पोरालाही माहीत असतं. डिम्पनालाही त्याचीच भीती वाटली, हे ती लपवत नाही. माझं म्हातारपण या घरात एकटीने जायचंय, आणि मागच्या दाराला नीट कडीसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं. तरी तिने त्याच्या अंगावर त्याचं जाकीट टाकलं.

मर्विन स्वयंपाकघरातच होता. शेजारचे लोक त्याला न्यायला आले होते, पण तो गेला नव्हता. फुटलेल्या काचांच्या जागी पुठ्ठे लावत होता. डिम्पनाने सगळं दोन वाक्यांत सांगितलं. मर्विनने हातातला पुठ्ठा नीट बसवला, खिळा ठोकला, मग वळला.

"कुत्रा भुंकला नाही," तो म्हणाला. "दिवसभर मी तोच विचार करतोय. कुत्रा का भुंकला नाही."

"मला ओळखतो तो," यूनन म्हणाला. "रोज येतो ना मी दुधाला."

"हो. रोज येतोस." मर्विन खुर्चीवर बसला. "फाटक मीच उघडं ठेवतो तुझ्यासाठी, टँकर वळवायला सोपं जावं म्हणून."

यूनन रडायला लागला. मर्विनने त्याला रडू दिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि डिम्पनाला त्याचीच जास्त धास्ती वाटली.

"तुझ्या बापाला मी कधी विचारलं नाही," मर्विन म्हणाला. "पंधरा वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर जत्रेत, बाजारात फिरला. विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून नाही विचारलं. तुला पण आणखी कोण होतं ते विचारणार नाही. पण तू काय केलंस ते तू स्वतः जाऊन सांगायचं. उद्या. नाहीतर मी सांगेन."

डिम्पनाला वाटलं, आता आपणही काही बोलावं, फेलिमबद्दल, इतक्या वर्षांचं. तोंड उघडलं. मर्विनने तिच्याकडे बघून मान हलवली, नको अशी.

दुसऱ्या दिवशी ती यूननला स्वतःच्या गाडीत घालून उत्तरेकडच्या एनिस्किलन गावातल्या पोलीस ठाण्यात घेऊन गेली. त्याने स्वतःचं सगळं सांगितलं, दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. पुढे कोर्टात त्याला कैदेची शिक्षा झाली, पण न्यायाधीशांनी ती स्थगित ठेवली. टँकरचं काम तर गेलंच. ज्याच्यासाठी एवढं केलं ते नाक्याच्या आधीच गेलं. तो आता लांबच्या एका लाकडाच्या कारखान्यात जातो, आणि पुलावरून जायचं टाळतो.

डिम्पनाच्या भिंतीवर कोणीतरी रंगाने एक शब्द लिहिला. पोलिसांना बातम्या पुरवणाऱ्यांसाठी आमच्याकडे असतो तो शब्द. तिने आणि मी मिळून घासला. पुसट झाला, गेला नाही. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या आवारात तिच्याशी बोलणाऱ्या बायका कमी झाल्या. ती रात्री खुर्ची लावून दार बंद करायला लागली. मी तिला माझ्याकडे ये म्हटलं. म्हणाली, एकदा घर सोडलं तर परत शिरायचं धाडस होणार नाही.

मार्च संपला. करार तिसऱ्यांदा धुडकावला गेला. मग युरोपवाल्यांनी मुदत ऑक्टोबरपर्यंत वाढवली. टीव्हीवर लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मर्विन ती बातमी ऐकून म्हणाला, म्हणजे आता उन्हाळाभर घाबरायचं. त्याने गाई विकल्या. मोबाइलवाल्यांना नाही म्हणून कळवलं. स्कॉटलंडमधली मुलगी चार वेळा न्यायला आली, तो गेला नाही. नवी गाडी मात्र घेतली नाही.

आता बाजाराच्या दिवशी डिम्पनाच त्याला आपल्या गाडीतून नेते. सुरुवातीला तो पूल ओलांडून यायचा आणि रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, झाडाशी उभा राहायचा. ती एकटी बसून किल्ली फिरवायची, इंजिन सुरू झालं की मगच तो यायचा. तिला राग आला का, असं मी विचारलं. राग कसला, म्हणाली, मलाही तसंच उभं राहावंसं वाटायचं, पण गाडी माझी होती.

सप्टेंबरात एका गुरुवारी जोराचा पाऊस होता. लंडनच्या संसदेत त्या आठवड्यात पुन्हा रणकंदन चाललं होतं, ऑक्टोबरचं काय होणार ते कोणालाच सांगता येत नव्हतं. डिम्पना छत्री मिटून गाडीत बसली आणि मर्विन झाडाशी कुठे दिसतो का बघायला लागली. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. तो भिजलेल्या टोपीसकट आत येऊन बसला, दार ओढून घेतलं, पट्टा लावला आणि समोर बघत राहिला. दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून ठेवले होते.

"चल," तो म्हणाला. "बटाटे संपतील."

किल्ली भोकात घालायला तिला दोनदा प्रयत्न करावा लागला. मग तिने ती फिरवली.